सव्वानऊची खरखर

१

आमचा मुलगा अनिमेष गेला, त्यानंतर पंधराव्या दिवसापासून मी रोज सकाळी बरोबर सव्वानऊला त्याची गाडी सुरू करू लागलो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं मी शेजाऱ्यांना सांगत असे. चौबे कॉलोनीत लोक फार खोलात जात नाहीत. त्यांना तेवढं पुरलं.

खरं कारण मंदाकिनी होती, माझी बायको. ते पंधरा दिवस ती दुपारपर्यंत अंथरुणातून उठतच नव्हती. मी चहा करून उशाशी ठेवायचा आणि तासाभरानं थंड कप उचलून न्यायचा. सोळा वर्षांची असावी अशी धावपळ करणारी बाई, पण भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एके दिवशी काही सुचेना म्हणून मी पोर्चमध्ये गेलो आणि गाडीला किल्ली मारली.

ती गाडी अकरा वर्षांची. रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होताना पहिले दोन सेकंद खरखर करायची, पत्र्याच्या डब्यात गिट्टी हलवल्यागत, आणि मग गप्प व्हायची. अनिमेष शंकर नगरच्या ऑफिसला निघायचा तो सव्वानऊला. डबा घ्यायला तो हमखास विसरे, आणि खरखर ऐकू आली की मंदाकिनी स्वयंपाकघरातून डबा घेऊन पळत सुटे. कित्येक वर्षं हेच चाललेलं. त्या दिवशीही खरखर झाली, आणि आतून मला बांगड्यांचा आवाज आला. ती उठली होती. दहाच्या सुमारास तिनं बाहेर येऊन गाडीच्या डाव्या सीटवर डबा ठेवला. मग ती आत गेली.

तेव्हापासून हाच क्रम पडला. सव्वानऊला खरखर, दहाला डबा. मग मी गाडी बाहेर काढायची, बूढा तलावापाशी बाकावर बसून तो डबा खायचा आणि रिकामा डबा घरी आणून धुवायला टाकायचा. आमचं लोखंडी फाटक जड आहे, अडसर उचलून ढकलावा लागतो, आणि माझा खांदा चार वर्षांपासून धरलेला. पूर्वी अनिमेष गाडी बाहेर उभी करून परत यायचा. "फाटक मी लावतो बाबा, तुमी राहू द्या," म्हणायचा. आता मंदाकिनी लावू लागली.

मला वाटायचं, मी तिला जगवतोय. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

२

मी रेल्वेच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली. मोजायची सवय जात नाही. खरखर सुरू झाली की मी मनातल्या मनात आकडे म्हणत असे. उन्हाळ्यात दोन. पोळ्याच्या सुमारास चार. दिवाळी आली, ती आम्ही दिवा लावून आणि दार लावून घालवली, तेव्हा सात झाले होते.

समता कॉलोनीत धर्मपालचं गॅरेज आहे. पन्नाशीचा माणूस, मूळचा गोंदियाकडचा. अनिमेषची गाडी पहिल्यापासून तोच पाहायचा. त्यानं बॉनेट उघडून कान लावला, मला किल्ली मारायला सांगितली आणि हात पुसत उभा राहिला.

"टायमिंग चेन लंबी झाली काकाजी," तो म्हणाला. "रातभर तेल खाली उतरते. सकाळी वर चढेपर्यंत चेन ढिली राहते अन आदळते. म्हणून हा आवाज."

"नाही बदलली तर?"

"चालन काही दिवस. मग एक दिवस दाता सोडून देईन. अंदर पुरं एकमेकांवर आदळन अन इंजिन खतम. मग आवाजही नाही अन गाडीही नाही."

"आणि बदलली तर आवाज जाईल?"

"बिलकुल जाईन. गाडी चालू हाय का बंद, ते समजनार नाही तुमाले."

मी किल्ली काढून हातात घेतली. मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. नवी चेन टाकायची, पण आवाज ठेवायचा, असं काही करता येतं का?

धर्मपाल हसला नाही. त्याला आमच्या घरचं माहीत होतं. "असं कसं होईन काकाजी," तो हळू म्हणाला. "आवाज तिच्या झिजण्याचाच हाय ना."

बदलली तर आवाज जाणार, नाही बदलली तरी जाणार. मी किल्ली त्याच्या हातात दिली. दोन दिवस लागतील म्हणाला. निघताना सवयीनं सांगितलं, "जुना पार्ट मला हवा." स्टोअरमध्ये आमचा नियमच होता, जुना तुकडा खिडकीत ठेवल्याशिवाय नवा मिळायचा नाही. तेव्हापासून कुठलीही दुरुस्ती असो, जुना पार्ट मी हातात घेऊन पाहतो. धर्मपाल मला त्यावरून चिडवायचासुद्धा.

३

मंदाकिनीला मी एवढंच सांगितलं की गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊपासून अस्वस्थ होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी, बासष्ट वर्षांचा निवृत्त माणूस, काय करत होतो सांगू? बिस्किटांच्या जुन्या डब्यात मूठभर खिळे घालून व्हरांड्यात उभा होतो. लाज वाटत होती, पण दुसरं सुचलं नव्हतं. घड्याळात सव्वानऊ झाले. डबा मी दोन्ही हातांत धरला होता आणि अजून हलवला नव्हता.

तेवढ्यात पोर्चमधून खरखर आली.

मी हातातल्या डब्याकडे पाहिलं. खिळे जागच्या जागी होते. पोर्च रिकामा होता. फरशीवर गाडीखाली नेहमी पडणारा तेलाचा डाग तेवढा होता, आणि आवाज त्या डागाच्या वरून, साधारण बॉनेटच्या उंचीवरून येत होता. सवयीनं मी मोजत राहिलो. नऊ. मग तो थांबला.

आतून बांगड्या वाजल्या. मंदाकिनी उठली होती.

मी स्वतःला समजावलं. शेजारच्यांची जुनी स्कूटर असेल. मागच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, तिथला मिक्सर असेल. डोकं रोज एका वेळी एक आवाज ऐकत आलं की त्या वेळी तो आपोआप ऐकू येत असेल. तीनही कारणं चांगली होती. एकच पुरेसं असतं तर मी तीन शोधली नसती.

दहाला मंदाकिनीनं डबा आणला, सीट नाही म्हणून पोर्चच्या कठड्यावर ठेवला आणि आत गेली. मी चष्मा आणायला खोलीत गेलो. परत आलो तर कठडा मोकळा होता. तिनंच आत नेला असेल म्हणून मी विचारलं नाही. नऊ महिने आम्ही त्या डब्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो, आता कुठून सुरुवात करणार? मी ई-रिक्षा पकडली आणि समता कॉलोनी गाठली.

४

गाडी गॅरेजच्या मधोमध उभी होती. इंजिनाचं पुढचं झाकण काढलेलं, आतली दातेरी चाकं उघडी. चेन कालच संध्याकाळी काढली, असं धर्मपालनं सांगितलं. म्हणजे सकाळी ही गाडी कुठंच, कोणत्याही प्रकारे, सुरू होणं शक्य नव्हतं. मला हेच पाहायचं होतं, आणि पाहून बरं वाटायला हवं होतं.

त्यानं जुनी चेन आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगून दाखवल्या. कड्या दोन्हींत सारख्या. पण जुनी बोटभर खाली लोंबत होती.

"एकेक कडी केसाएवढी झिजते," तो म्हणाला. "दिसत नाही. सगळ्या मिळून इतकी होते."

जुन्या चेनच्या टोकाला तेलाचा थेंब धरला होता. पाहता पाहता तो खाली पडला आणि दुसरा धरू लागला. खाली जमिनीवर तळहाताएवढं ओलं झालं होतं.

"हे काहून टपकून राहिलं?" धर्मपाल स्वतःशीच म्हणाला. "काल मी रॉकेलनं धुऊन, पुसून टांगली होती." त्यानं चेनला हात लावला आणि लगेच काढला. कपड्यानं बोटं पुसत राहिला. मी काय झालं विचारलं, तर काही नाही म्हणाला. पण त्यानं ती परत हातात घेतली नाही.

घरी यायला चार वाजले. मंदाकिनी दारातच उभी होती. तिच्या हातात डबा होता.

"चपलांच्या रॅकवर काहून ठेवला तुमी डबा?"

ऑफिसातून आल्यावर डबा चपलांच्या रॅकवर ठेवायची सवय अनिमेषची. अन्नाचा डबा चपलांवर ठेवतो म्हणून ती त्याला रोज बोलायची आणि तो रोज ठेवायचा.

तिनं झाकण उघडलं. डबा रिकामा होता. झाकणाच्या कडेनं कढीपत्त्याची पानं एका ओळीत लावून ठेवलेली होती, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. मी कढीपत्ता खातो. अनिमेष काढून ठेवायचा.

"असं नका करू," ती म्हणाली. "मले माहीत आहे तुमी तलावावर बसून खाता. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमाले दोडका आवडते म्हणून मी दोडका करते. तुमी तेव्हा जेवणच सोडलं होतं. गाडीच्या निमित्तानं बाहेर पडता, दोन घास खाता, म्हणून उठत होती मी. तुमच्यासाठी उठत होती. पण त्याची नक्कल नका करू. ते नाही सहन होत मले."

नऊ महिने मी तिला उठवत होतो आणि ती मला भरवत होती, आणि दोघंही एकमेकांना सांभाळतोय म्हणून एकमेकांसमोर रडायचं टाळत होतो. एवढा वेळ आम्ही वाया घालवला याचं मला इतकं वाईट वाटलं की खरी गोष्ट सांगायला थोडा उशीरच झाला.

"मंदा, आज डबा मी नेला नाही. मी दिवसभर धर्मपालकडे होतो."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवरा खोटं बोलतोय की नाही हे तिला छत्तीस वर्षांत चांगलं कळायला लागलं होतं. मग तिनं झाकण परत लावलं, पानं न हलवता, आणि डबा देवघरात नेऊन ठेवला.

५

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं पुढच्या खोलीच्या खिडकीशी उभे होतो. नऊ वाजताच तिची आंघोळ झाली होती, डबा भरून कठड्यावर ठेवून झाला होता. ती आदल्या दिवसापेक्षा तरुण दिसत होती. मला त्याचीच भीती वाटली.

सव्वानऊला खरखर सुरू झाली.

मंदाकिनीनं माझं मनगट धरलं. पोर्चमध्ये काहीच नव्हतं. फरशी, तेलाचा डाग, कठड्यावर डबा, बंद फाटक. मी मोजत होतो. नऊ झाले, चौदा झाले, आवाज थांबेना. वीसच्या पुढे तो अडखळू लागला. मध्येच थांबायचा, आता संपला असं वाटायचं, आणि मग खालून कुठून तरी ओढून आणल्यासारखा परत यायचा. तेव्हा मला तो ओळखू आला. हा आवाज मी आधी एकदा ऐकला होता, आणि तो गाडीचा नव्हता.

अनिमेषच्या न्यूमोनियाचे ते हॉस्पिटलमधले चार दिवस होते. शेवटच्या सकाळी मी मंदाकिनीला घरी पाठवलं, आंघोळ करून ये म्हटलं. नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं म्हणून पाठवलं. ती गेल्यावर चाळीस मिनिटं मी त्याचा हात धरून बसलो होतो. ती आली तेव्हा मी सांगितलं, झोपेत गेला, काही त्रास झाला नाही. मग सगळ्यांना तेच सांगत गेलो. सांगता सांगता कधीकधी मलाही खरं वाटायचं.

पोर्चमधला आवाज एकतिसाव्या आकड्याला थांबला.

"शेवटी असाच आवाज होता का त्याचा?" मंदाकिनीनं विचारलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

खिडकीच्या गजाला धरून मी उभा होतो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.

"हव," मी म्हणालो.

"म्हणून मले घरी पाठवलं तुमी."

"हव."

ती ओरडेल, मला मारेल, असं वाटलं. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. बाहेर कठड्यावर डबा नव्हता. तो कधी उचलला गेला ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही, आणि आमची नजर तर तिथंच होती.

"त्याले त्रास होऊन राहिला," ती शेवटी म्हणाली. "रोज तेच, रोज तेच. आपणच त्याले जाऊ नाही देऊन राहिलो. तुमी आज जा अन गाडी घेऊन या. तो आवाज बंद करा."

"मंदा, मग तो येणार नाही."

"मले समजते ते. जा तुमी." मी चपला घालत होतो तेव्हा ती मागून म्हणाली, "अन यापुढं माझ्याशी खोटं नका बोलू. चांगल्यासाठीही नका बोलू."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

६

धर्मपालनं नवी चेन बसवली होती. चाकांवरच्या खुणा त्यानं मला एकेक करून दाखवल्या, पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके तीन खाचांसमोर. किल्ली मारण्याआधी इंजिन हातानं दोनदा पुरं फिरवायचं असतं. खुणा परत जुळल्या तरच गाडी सुरू करायची.

"तुमी फिरवा काकाजी," तो म्हणाला. "त्याची गाडी हाय."

मी लांब पाना दोन्ही हातांनी धरला आणि धरलेल्या खांद्यानं, हळूहळू, दोन फेरे दिले. आत सगळं जड आणि गुळगुळीत फिरत होतं. ठिपके परत समोरासमोर आले. आता झालं, परत जुनं होणार नाही, असं मला त्या वेळी वाटलं आणि हात पान्यावरून निघेनात. धर्मपालनं ते हलकेच सोडवले.

झाकण लावून त्यानं किल्ली मारली. मी कान देऊन ऐकलं. डॅशबोर्डवरच्या छोट्या दिव्यांवरून कळलं की इंजिन चालू आहे.

निघताना तो म्हणाला, "जुना पार्ट नाही नेत?"

खिळ्याकडे मी पाहिलं नाही. पण त्याच्याखाली आता पोतं टाकलेलं होतं, आणि पोत्यातून काळं तेल बाहेर येत होतं, ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. चौतीस वर्षं मी खिडकीपलीकडून लोकांना सांगत आलो होतो की नवं हवं असेल तर जुनं सोडून जावं लागेल.

"राहू दे," मी म्हणालो. "भंगारात दे."

"आजच देतो," धर्मपाल म्हणाला, जरा घाईनं.

७

आज सकाळी गाडी पोर्चमध्ये होती, तोंड फाटकाकडे. अनिमेष नेहमी मागे घेऊन लावायचा, म्हणून मीही तशीच लावतो. फाटक मी कसंबसं आधीच उघडून ठेवलं होतं. मंदाकिनी बाहेर आली ती बाहेर जायचं लुगडं नेसून, डबा हातात घेऊन. डाव्या सीटवर डबा ठेवायच्या ऐवजी ती स्वतःच बसली आणि डबा मांडीवर घेतला.

"आज दोघं जाऊ तलावावर," ती म्हणाली. "चमचे दोन घेतले."

सव्वानऊला मी किल्ली फिरवली.

काही झालं नाही. म्हणजे गाडी सुरू झाली. दिवे लागले, स्टिअरिंगला अगदी बारीक थरथर आली. आम्ही दोघं समोर बघत बसलो. एक, दोन, तीन. मी तीसपर्यंत मोजलं. बाहेर चिमण्या ओरडत होत्या, शेजारी कुणी बादली भरत होतं. मंदाकिनीच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण ती मान हलवत होती, बरं झालं अशा अर्थानं. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग गाडी सावकाश बाहेर काढली.

दोन घरं पुढे गेल्यावर मला आठवलं की फाटक उघडंच राहिलं. रोज मंदाकिनी लावते, आणि ती तर शेजारी बसली होती. मी ब्रेकवर पाय ठेवून आरशात पाहिलं.

फाटक लावलेलं होतं. अडसर खाली पडलेला होता. वरच्या पट्टीवर, आतल्या बाजूनं, एक हात टेकलेला होता. पांढरी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्याच्यामागे मान एका बाजूला कललेली होती, कुणी लांबचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतं तशी. पोर्चकडे वळलेली होती ती मान, आमच्याकडे नाही. फाटक त्यानं सवयीनं लावलं होतं, पण गाडी निघाल्याचं त्याला कळलंच नव्हतं. तो आत उभा राहून अजून खरखरीची वाट बघत होता.

मंदाकिनी समोर पाहत होती. दोन्ही हातांनी तिनं डबा घट्ट धरला होता.

"फाटक लावलं का?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. फाटक लावलेलं होतं.

"लावलं," मी म्हणालो, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.